माजघरातलं सॉकेट

माझं लग्न अठ्ठ्याण्णव साली झालं आणि सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला कळलं की या घरात माझ्याआधी एक सवत येऊन बसलेली आहे. माजघरात, भिंतीला लागून, चांगल्या फणसाच्या लाकडाच्या टेबलावर. काळा ॲम्प्लिफायर, त्याच्यावर कॅसेटचा डेक आणि दोन बाजूंना माझ्या कमरेपर्यंत येणारे दोन स्पीकर. गोव्यातल्या कुठल्याशा हॉटेलने दुरुस्तीच्या वेळी काढून टाकलेलं हे सामान माझ्या नवऱ्याने टेम्पोने बांद्यापर्यंत आणि तिथून एसटीच्या टपावर घालून आचऱ्याकडे आणलं होतं. सासू मला सांगायची, "पावस येत होतो, तर आपली छत्री त्येंच्यार धरल्यान आणि आपण भिजत इलो. तुका कधी धरल्यान छत्री?" मी म्हणायची, नाही बाई. आणि आम्ही दोघी हसायचो.

नवरा होडीवाला. सासरे गेल्यावर होडी आणि जाळी त्याच्या गळ्यात आली, पण त्याच्या आधी काही वर्षं तो एका माईकवाल्याकडे कामाला होता. जत्रा, लग्नं, दोन बुवांच्या भजनांचे सामने म्हणजे डबलबाऱ्या, सगळीकडे कर्णे बांधत फिरायचा. त्यात त्याचा कान तयार झाला. तयार म्हणजे काय, तर बिघडला. आम्हाला जे गोड लागायचं त्यात त्याला खडे लागायचे. गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या आधी जी शांतता असते ती तो ऐकायचा, आणि म्हणायचा, "आयकलंस? हमिंग मारता."

मला पहिले काही महिने वाटत होतं की तो तंबोरा आहे. गाणं थांबलं तरी स्पीकरमधून बारीक घों चालूच असायचं आणि मी आपली समजत होते की पाठीमागे कोणी तरी तारा छेडत बसलंय. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. माझ्याकडे असं बघितलं, जसं मी बांगड्याला सुरमई म्हटलंय.

पण मला त्या सेटबद्दल खरं म्हणजे राग कधीच नव्हता, आणि त्याचं कारण सांगायला हवं. आमच्या वाडीत पुरुष म्हणजे चवथीला येणारा पाहुणा. कोण मुंबईला, कोण बोटीवर, कोण आखातात. माझे वडील बोटीवर होते. माझ्या आईने आयुष्यभर माणसापेक्षा माणसाच्या बॅगा जास्त बघितल्या. मी लग्नाला हो म्हटलं ते एवढ्यासाठीच की हा माणूस सकाळी दर्यावर गेला तरी दुपारी घरी जेवायला येणारा होता. पुढे आम्हाला मूल झालं नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, देवळात कौल लावून झाला. मग माझ्या मनाने घेतलं की याला इथे धरून ठेवणारं आता काय आहे. चुलतभाऊ आखातातून दर सुट्टीला सांगायचा, चल, तुझ्यासारख्या हुशार माणसाला तिथे काम मिळेल. नवरा हसून म्हणायचा, "हय माजी होडी आसा, ह्यो सेट आसा, ही आसा. सोडून खंय जाव?" तिसरा नंबर माझा. मला चालत होतं. सेटमुळे का होईना, राहतोय ना. म्हणून त्या घोंचा नाद त्याने धरला तेव्हा मी प्रत्येक वेळी त्याच्या बाजूने उभी राहिले.

नाद सुरू झाला भिंतीतल्या सॉकेटपासून. आमचं घर दर्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथे खाऱ्या वाऱ्यापुढे काही टिकत नाही. दाराच्या बिजागऱ्या, विळीचं पातं, देवघरातली समई, सगळ्याला तो चाटून जातो. जुन्या लाकडी बोर्डावरचं काळं सॉकेट नवऱ्याने उघडलं तर आतलं पितळ हिरवं पडलेलं, आणि प्लग ढिला बसतो म्हणून सासऱ्यांनी कधी काळी आत आगकाडी खोचून ठेवलेली. ती त्याने दोन बोटांत धरून मला दाखवली. "ह्या आगकाडयेतसून गाणा येता," म्हणाला. "मगे कसा येतला?"

मग मालवणहून जाड तीन पिनांचं, फ्रिज-गिझरला लावतात तसं सॉकेट आलं. आवाज जरा भरला, घों तसंच. मग मीटरपासून थेट माजघरापर्यंत सेटपुरती वेगळी वायर ओढली. माझा मिक्सर, सासूचा पंखा, देवघरातला दिवा, कोणालाही त्या वायरीवर पाय ठेवायला मनाई. सासू म्हणाली, "देवाक नाय सवतो बल्ब, आणि ह्येका सवती लाईन." तरी घों होतंच, थोडं दूर गेल्यासारखं.

मग अर्थिंग. अंगणाच्या कडेला पुरुषभर खड्डा खणायचा, त्यात तांब्याचा पत्रा, कोळसा आणि मीठ घालायचं. आमच्याकडे मिठाला काय तोटा. सुकी मासळी खारवून उरलेलं पोतंभर मीठ जाळी ठेवायच्या मांगरात पडून होतं. तेच त्याने खड्ड्यात घातलं आणि वर माती लोटली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर वाडीतली झाडून सगळी मांजरं आमच्या अंगणात. मिठाला बांगड्याचा वास. त्यांनी तो खड्डा उकरून उकरून कोळसा ओटीपर्यंत आणला. वर जांभ्याचे चिरे ठेवले तर चिऱ्यांवर बसून राहायची, आणि नवरा अर्थिंगला पाणी घालायला गेला की त्याच्या पायांत घोटाळायची. त्याला कोणी विचारलं की सेटचं काम कुठवर आलं, तर सासू परस्पर सांगायची, "मांजरांका पसंत पडला."

पुढच्या वर्षी त्याने कुठेसं वाचलं की सॉकेटच्या पट्ट्यांना चांदीचा मुलामा असला तर वीज स्वच्छ येते. कोकणात असलं सॉकेट कुठे मिळणार? तो पट्ट्या काढून मालवणच्या सोनाराकडे घेऊन गेला. चांदी म्हणून माझी झिजलेली जोडवी दिली. मीच काढून दिली. सासू त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. सोनाराने जन्मात असलं काम केलं नव्हतं, पण केलं, आणि पट्ट्या लखलखत घरी आल्या. पहिल्या संध्याकाळी नवरा म्हणाला, फरक आहे. मला नव्हता वाटत, पण त्याच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मीही म्हटलं, आहे. वर्षभरात खाऱ्या वाऱ्याने ती चांदी तव्यासारखी काळी केली.

खरं कारण त्याला माहीत नव्हतं असं नाही. ते सगळ्या वाडीला माहीत होतं. बंदरावर बर्फाची फॅक्टरी होती आणि तिचा नि आमचा ट्रान्सफॉर्मर एकच. दुपार कलली की तिचा कॉम्प्रेसर सुरू व्हायचा, आणि घराघरातले पंखे दमल्यासारखे व्हायचे, बल्ब तांबूस पडायचे, आणि आमच्या स्पीकरमधलं घों अंगात आल्यासारखं वर यायचं. नवऱ्याला ऐकायला मोकळा वेळ मिळायचा तो नेमका तेव्हाच. मी वैतागायची. म्हणायची, काय ती मेली फॅक्टरी, जरा तासभर बंद नाही का ठेवता येत? एवढ्या एका बाबतीत मात्र तो माझ्यावर चिडायचा.

"तसा बोला नको. ती चलता म्हणान आपली चूल पेटता. बर्फ नाय तर मासो कोण घेतलो?"

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की फॅक्टरी बंद असायची. तेव्हा सेट खरा वाजायला हवा होता. पण तेव्हा आमच्याकडे वीजच नसते. माडाची एक झावळी तारेवर पडली की चार दिवस अंधार. तरी एकदा श्रावणात, भर दुपारी, फॅक्टरी बंद आणि वीज चालू असा योग आला. त्याने घाईघाईने कॅसेट लावली. गाणारीने सुरुवातीला घेतलेला श्वास ऐकू आला. मी खरंच दचकले, कोणी तरी माजघरात आहे म्हणून. तो माझ्याकडे बघून हसला. कॅसेटची एक बाजू संपायच्या आत वीज गेली. पण मला तेव्हा कळलं की हा माणूस इतकी वर्षं कशाच्या मागे आहे, आणि मला मनापासून वाटलं की त्याला ते मिळावं.

दोन हजार सालानंतर दर्या बदलत गेला. म्हणजे दर्या तोच, पण बाहेरून मोठमोठ्या बोटी मोठमोठी जाळी घेऊन यायला लागल्या आणि किनाऱ्याजवळ आमच्यासारख्यांना उरायचं ते मांजरांपुरतं. बांगड्याच्या दिवसांत बांगडा नाही, तारलीच्या दिवसांत तारली नाही. माणसं भांडली, मोर्चे नेले, ऑफिसात जाऊन शुद्ध मराठीत बोलून आली. पूर्वी बंदरावर व्यापाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागायची, ती तुटली. फॅक्टरी आधी रोज चालायची, मग दिवसाआड, मग गिऱ्हाईक असेल तेव्हा. आमच्या घरात या सगळ्याची खबर पंख्याला आधी लागायची. दुपार कलायची आणि पंखा आपला त्याच वेगाने फिरत राहायचा. पण तेव्हा सेट लावायला नवरा घरी नसायचा, बंदरावर गिऱ्हाईकाची वाट बघत बसलेला असायचा. सासू एकदा त्याच्याकडे बघत म्हणाली, "आज पण नाय चालू केल्यानी."

त्याच सुमारास नवऱ्याच्या एका मुंबईच्या मित्राने चवथीला येताना नवीन सॉकेट आणलं होतं. जड, आत जाड तांब्याच्या पट्ट्या, प्लग आत गेला की खट् करून पकडणारं. नवऱ्याने ते दोन दिवस नुसतं हातात खेळवलं आणि मग बसवलं. संध्याकाळी आम्ही तिघं बसलो. त्याने सेट लावला आणि आवाज वाढवत नेला. घों नाही. आणखी वाढवला. नाही. मग गाणं सुरू झालं, आणि ते अगदी त्या श्रावणातल्या दुपारसारखं होतं. सासूच्या कानाला काही कळत नसूनही ती म्हणाली, "बरा झाला रे बाबा, सुटलस एकदाचो." मी तर टाळी वाजवायचीच बाकी होते.

त्याने गाणं अर्ध्यावर बंद केलं.

"सॉकेटान नाय झाला ता," म्हणाला. "फॅक्टरी बंद केल्यानी. आज सकाळी कुलूप घातल्यानी. आता उघडूची नाय."

तो उठून अंगणात गेला आणि उगाच जाळं चाचपत बसला. सासूने देवापुढचा दिवा लावला. मी माजघरातच राहिले. सेटचा लाल दिवा पेटलेला होता आणि घरात इतकी शांतता होती की मला त्या शांततेची भीती वाटली. इतकी वर्षं मी देवाकडे जे मागत आले, हा माणूस घरी राहू दे, ते आता माझ्या हातून निसटलं, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं. रडू आलं नाही. मी उठून सेट बंद केला.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. बर्फ लांबून आणायचा तर डिझेलचा खर्च मासळीच्या वर जाई. होडी एका ओळखीच्या माणसाने घेतली. चुलतभावाने आखातातल्या एका कंपनीच्या कामगार वस्तीत इलेक्ट्रिशियन म्हणून नोकरी बघून दिली. जायच्या आधी चार-पाच संध्याकाळी त्याने सेट लावला. इतका सुंदर तो कधीच वाजला नव्हता. आम्ही दोघं शेजारी बसून ऐकायचो, आणि मला ते ऐकवत नव्हतं. एकदा मी म्हटलं, बंद करा. त्याने का म्हणून विचारलं नाही.

तिथे शुक्रवारी सुट्टी, म्हणून फोन शुक्रवारी. पहिल्या काही फोनवर आम्ही काय बोलावं ते कळायचं नाही. जेवलंस, जेवलंय. पावस, नाय. माझ्या आईची आणि वडिलांची पत्रं अशीच असायची, बरे आहोत, बरे असावे. मला ते नको होतं. मग एका शुक्रवारी त्याने विचारलं,

"सेट लावतंस मां?"

"लावतंय."

"कसो येता आवाज?"

"परत गुणगुणता," मी म्हटलं.



"फॅक्टरी सुरू झाली काय?"

"नाय. तिचे पत्रे पण काढून व्हरल्यानी."

"मगे कसो गुणगुणतलो?"

"ता माका काय म्हायत? तुमी येवन बघा."

मला वाटलं आता हसेल, नाही तर रागावेल. पण तो एकदम कामाचं बोलायला लागला, अगदी पूर्वीसारखं. "सॉकेट ढिला झाला आसतला. नाय तर अर्थिंग सुकला. दुसऱ्या कोणाक हात लावूक दिव नको. मी इलंय काय बघतंय."

त्यानंतर दर शुक्रवारी आमच्याकडे बोलायला विषय होता. आज किती आवाज आहे, डाव्या स्पीकरमधून जास्त की उजव्या, अर्थिंगला पाणी घातलं का. मी घडाघडा सांगायची. सासू शेजारी लसूण सोलत बसलेली असायची. एकदा फोन ठेवल्यावर म्हणाली, "माका तर काय आयकाक येना नाय गो."

"तुमचे कान आता म्हातारे झाले, आये."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. पुढच्या शुक्रवारी फोन वाजल्यावर तिने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, आणि तिकडून तो काही बोलायच्या आतच म्हणाली, "खूप गुणगुणता रे. रवाक होयना नाय घरात. कधी येतंस?"

तो आला दोन वर्षांनी, चवथीला. बारीक झाला होता, केस कानाजवळ पांढरे. गणपती बसला, आरत्या झाल्या, पाहुणे येऊन गेले. गणपती गेल्यावर संध्याकाळी त्याने सेटवरचं फडकं काढलं आणि बटण दाबलं. सासू आणि मी, दोघी खाली मान घालून बसलो. नुसती शांतता होती. बाहेर कुठे तरी फटाका वाजला, तोही स्वच्छ ऐकू आला. तो स्पीकरजवळ वाकला, कान लावला, डाव्याला, मग उजव्याला. किती तरी वेळ तसाच राहिला.

"व्हय," म्हणाला. "थोडा आसा."

सासूने पदर तोंडाला लावला आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली.

मग सुट्टी संपेपर्यंत तो रोज दुपारी त्या सॉकेटपाशी बसायचा. प्लेट उघडायची, पट्ट्या पुसायच्या, स्क्रू आवळायचे, प्लेट लावायची, ऐकायचं, पुन्हा उघडायची. मी चहा नेऊन द्यायची आणि टॉर्च धरून उभी राहायची. बिघडलेलं काहीच नव्हतं, त्यामुळे काम संपायचं कारण नव्हतं. माझ्या लग्नाच्या आयुष्यातल्या त्या सगळ्यात सुखाच्या दुपारी होत्या. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि दिवस जात होते तेही कळत होतं.

जायच्या दिवशी सकाळी त्याने सॉकेट भिंतीतून पुरतं सोडवलं. वायरींच्या टोकांना काळी टेप गुंडाळली आणि सॉकेट आपल्या बॅगेत कपड्यांमध्ये ठेवलं.

"होया तसा हय गावणा नाय," माझ्याकडे न बघता म्हणाला. "थयसून चांगला बघून हाडतंय. तोपर्यंत असाच ऱ्हवांदे."

तिथल्या सॉकेटची भोकं चौकोनी असतात, आपल्या प्लगच्या पिना गोल. तिथलं सॉकेट इथे कामाचं नाही, हे त्यानेच मला एकदा फोनवर समजावून सांगितलं होतं. मी म्हटलं, बरं. हातात घेतलेलं काम या माणसाने कधी अर्धं टाकलेलं मी बघितलं नव्हतं.

त्याला आता वर्ष होत आलं. सेट बंद आहे. भिंतीत चौकोनी खड्डा, त्यातून टेप गुंडाळलेल्या वायरी बाहेर आलेल्या. परवा पाण्याच्या पंपासाठी वायरमन आला होता, त्याने ते बघितलं आणि म्हणाला, "वयनी, ह्या असा उघडा ठेवचा बरा नाय. पाच मिनटाचा काम आसा, बसवन देतंय."

मी म्हटलं, नको, घरच्या माणसाने काम हातात घेतलंय.